दुकान बुडालं नव्हतं, विकलं गेलं होतं



परवा मी ऑर्विस या अमेरिकन दुकानाबद्दल दोन ओळी टाकल्या होत्या. १८५६ साली व्हरमाँट राज्यातल्या मँचेस्टर नावाच्या छोट्या गावात सुरू झालेलं, गळाने मासे धरायचं सामान विकणारं हे दुकान. २०२४ मध्ये त्यांनी माणसं कमी केली आणि वर्षानुवर्षं घरोघरी जाणारा छापील कॅटलॉग थांबवला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ३१ दुकानं आणि ५ आउटलेट बंद करत असल्याचं जाहीर केलं. मला वाईट वाटलं, म्हणून लिहिलं.

खाली कमेंटचा पाऊस पडला. "जो बदलत नाही तो संपतो. सिंपल." "अ‍ॅमेझॉनच्या जमान्यात दुकानात जातंय कोण?" आणि आपल्याच गल्लीतल्या एका दादांनी विचारलं, "सांगलीत बसून तुला अमेरिकेतल्या गळाचं काय पडलंय?"

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. आधी त्या "सिंपल"चं बघू.

मी आठ वर्षं डेन्व्हरला नोकरी केली हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. तिथे ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे मला फ्लाय फिशिंगचा नाद लागला. आपल्याकडे कृष्णेच्या घाटावर पोरं गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून बसतात, तसं ते नाही. तिथे गळाला पिसं, केस आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी बांधलेली असते. तिला वजन असं नसतंच. ती फेकायची तर दोरच जड लागतो, आणि तो डोक्यावरून मागे-पुढे खेळवत सोडायला हात बसावा लागतो. वर पुन्हा ट्राउट मासा चोखंदळ. त्या आठवड्यात नदीत जो किडा निघत असेल त्याच्यासारखीच माशी पाहिजे, नाहीतर तुम्ही दिवसभर पाण्यात उभे राहा, तो ढुंकून बघणार नाही.

म्हणजे या धंद्यात दुकानदार नुसता माल देत नाही, आज नदीत काय चाललंय ते सांगतो. मी ज्या दुकानात जायचो तिथल्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी माझ्या हातातली महागडी काठी काढून घेतली आणि म्हणाला, ही तुला आत्ता नको. मग दोन माश्या हातावर ठेवल्या आणि कोणत्या पुलाखाली उभं राहायचं ते कागदावर काढून दिलं. पाच-सहा डॉलरची विक्री आणि अर्ध्या तासाचं शिक्षण. अशा माणसाला बाजाराच्या भाषेत 'खर्च' म्हणतात.

आता "जो बदलत नाही तो संपतो" या वाक्याकडे येऊ. त्यासाठी ऑर्विस बाजूला ठेवतो आणि त्याहून मोठी गोष्ट सांगतो. कॅबेलाज.

१९६१ साल. नेब्रास्का राज्यातलं चॅपेल नावाचं खेडं. डिक कॅबेला हा फर्निचरच्या दुकानदाराचा मुलगा. शिकागोच्या एका प्रदर्शनातून तो ४५ डॉलरच्या माश्या घेऊन आला, हाताने बांधलेल्या, याच फ्लाय फिशिंगच्या. एका वर्तमानपत्रात जाहिरात दिली: एक डॉलरला बारा माश्या. उत्तर आलं एकच. मग त्याने जाहिरात फिरवली: पाच माश्या फुकट, टपालखर्चाचे फक्त २५ सेंट पाठवा. पत्रांचा ढीग लागला. डिक आणि त्याची बायको मेरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पाकिटं भरायचे आणि प्रत्येक पाकिटात बाकीच्या मालाची यादी घालायचे. पुढे भाऊ जिम आला. साठचं दशक संपता संपता धंदा जवळच्या सिडनी गावात गेला आणि तिथेच वाढला.

लक्षात घ्या, हे टपालाने घरपोच माल पोचवणारं दुकान होतं. अ‍ॅमेझॉनच्या तीस-बत्तीस वर्षं आधी. पुढे त्यांनी भव्य दुकानं बांधली. आत मत्स्यालय, पेंढा भरलेल्या प्राण्यांचा अख्खा डोंगर, लोक सहलीला आल्यासारखे पोरंबाळं घेऊन यायचे. मग वेबसाइट काढली. बदलत नाही म्हणता? पन्नास वर्षं हे लोक बदलतच होते.

२०१५ साली कंपनीची उलाढाल ४ अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि नफा जवळपास १९ कोटी डॉलर. पुन्हा वाचा. तोटा नाही, नफा.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इलियट मॅनेजमेंट या न्यूयॉर्कच्या गुंतवणूक फंडाने जाहीर केलं की आपण कंपनीचा ११ टक्क्यांच्या वर हिस्सा घेतला आहे, आणि कंपनीने विक्रीसकट सगळ्या पर्यायांचा विचार करावा. शेअरचा भाव उसळला. डिक कॅबेला आदल्या वर्षीच वारला होता. संचालक मंडळाने पर्यायांचा विचार सुरू केला. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बास प्रो शॉप्स या स्पर्धकाशी सौदा ठरला आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सुमारे ५ अब्ज डॉलरला तो पुरा झाला.

आता सिडनीकडे बघा. वस्ती पावणेसात हजारांची. त्यातल्या सुमारे दोन हजार नोकऱ्या एकट्या कॅबेलाजच्या. बास प्रोचं मुख्यालय मिसूरी राज्यात. एकाच घरात दोन मुख्यालयं कशाला? हिशेब, खरेदी, कॅटलॉग, संगणक विभाग, एकेक खोली रिकामी होत गेली. दुकान राहिलं, मुख्यालय गेलं. घरांवर विक्रीच्या पाट्या लागल्या आणि सगळेच विकायला निघाल्यावर घ्यायला कोणी उरलं नाही. कर्ज फिटलेलं नाही, घर विकत नाही, दुसऱ्या गावी नोकरी मिळाली तरी जाता येत नाही, अशी माणसं.

मी डेन्व्हरहून दोनदा तिथे गेलो. गाडीने अडीच-तीन तास. पहिल्यांदा गेलो तेव्हा पार्किंगला जागा मिळाली नव्हती. विक्रीनंतर गेलो तेव्हा तेच दुकान, तेच प्राणी, तेच मासे. पण रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा देणारी बाई म्हणाली, माझ्या मुलीच्या वर्गातली निम्मी मुलं गेली. मी अर्थशास्त्र शिकलेला माणूस नाही. पण ज्या हिशेबात शेअरचा भाव मांडतात आणि त्या वर्गाची जागाच नसते, तो हिशेब पुरा आहे असं मला कोणी सांगू नये.

इथे तुमच्यातले हुशार लोक म्हणतील, "अरे, पण शेअर बाजारात उतरायला त्यांना कोणी सांगितलं होतं? २००४ मध्ये स्वतःच उतरले ना? ज्याचे शेअर त्याचा हक्क."

बरोबर आहे. मी फंडाला चोर म्हणत नाही. त्यांनी कायदा मोडला नाही. घेणारा जॉनी मॉरिसही काही परका नव्हता. त्यानेही १९७२ मध्ये वडिलांच्या दारूच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात मासेमारीचं सामान मांडून सुरुवात केली होती. माझं भांडण कायद्याशी आहे. नफ्यातला धंदा गिळला जातो, एक गाव खचतं आणि कायद्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं, हे मला खुपतं. अमेरिकेत १९८८ चा एक कायदा आहे. मोठ्या कंपनीला एकदम खूप माणसं कमी करायची असतील तर ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. साठ दिवस! नोटीस गावच्या कारभाऱ्यांनाही जाते, पण ती नुसती कळवायला. सौदा ठरताना त्या टेबलावर गावाला खुर्ची नाही.

"मग खाजगी राहिलेली दुकानं तरी कुठे वाचली?" हाही प्रश्न रास्त आहे. ऑर्विस १९६५ पासून एकाच कुटुंबाकडे आहे, तरी दुकानं बंद होतायत. बाहेरून येणाऱ्या मालावरच्या नव्या आयातशुल्काचं कारण त्यांनी दिलंय. ज्यांची नोकरी गेली त्यांना मालक घरचा की फंडाचा, याने काय फरक पडतो? त्या दिवशी काही नाही. मी खोटं बोलणार नाही. पण एक फरक आहे. ऑर्विस म्हणतंय, आम्ही पसारा आवरून परत माशाच्या गळाकडे जातोय. चूक की बरोबर ते पुढे कळेल, पण ठरवणारे लोक त्या धंद्याच्या बऱ्यावाईटाबरोबर पुढेही राहणार आहेत. कॅबेलाजमध्ये ज्यांनी विकण्याचा रेटा लावला ते पैसे मोजून निघून गेले.

आणि "ब्रँड तर टिकला ना" असं म्हणणाऱ्यांसाठी अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच. आज मॉलमधले तरुणांचे कपडे म्हणून तुम्ही ते नाव ओळखता. ते १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेलं शिकार, छावणी आणि मासेमारीचं दुकान होतं. हेमिंग्वे तिथला गिऱ्हाईक. मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या इमारतीच्या गच्चीवर गळ फेकायचा सराव करायला पाण्याचा हौद होता. १९७६ मध्ये दिवाळं निघालं, पुढच्या वर्षी दुकानाला कुलूप लागलं. नाव लिलावातल्या पितळेच्या समईसारखं या हातातून त्या हातात गेलं. समई राहिली, देवघर गेलं. याला टिकणं म्हणायचं असेल तर म्हणा.

आता आपल्यावर येतो. सगळं पाप फंडवाल्यांच्या माथी मारून मोकळं होणं सोपं आहे.

मेन राज्यातलं एल. एल. बीन, १९१२ चं. त्यांच्या पहिल्या शंभर बुटांच्या जोड्यांपैकी नव्वद परत आल्या तर मालकाने सगळ्यांचे पैसे परत केले होते. त्यातून "कधीही परत करा" हा त्यांचा शब्द झाला. २०१८ मध्ये त्यांना तो मागे घ्यावा लागला. लोक दुसऱ्याच्या अंगणातल्या जुन्या बाजारातून त्यांचे वीस-वीस वर्षांचे फाटके बूट उचलून आणायचे आणि नवे घेऊन जायचे. पाच वर्षांत २५ कोटी डॉलरचा फटका बसला असं कंपनीने सांगितलं. शंभर वर्षांचा विश्वास गिऱ्हाइकांनी खाल्ला.

आणि मी? ज्या म्हाताऱ्याने मला महागडी काठी घेऊ दिली नाही, त्याच्याच दुकानात मी एकदा पाण्यात घालायचे बूट चढवून बघितले. त्याने तीन जोड्या काढून दिल्या, माप घेतलं, मोजे कोणते घालायचे ते सांगितलं. मी "विचार करून येतो" म्हणालो, गाडीत बसलो आणि फोनवरून तेच बूट मागवले. पंधरा डॉलर वाचले. दोन वर्षांनी ते दुकान बंद झालं. माझ्या पंधरा डॉलरने बंद झालं नाही हे मलाही कळतं. पण माझ्यासारखे किती होते ते त्या म्हाताऱ्याला माहीत असणार. त्याने कधी तोंडावर काही म्हटलं नाही, हेच जास्त लागतं.

तर दादा, तुमचा प्रश्न. सांगलीत बसून मला काय पडलंय?

तुमची दर महिन्याला एसआयपी जाते ना? माझीही जाते. आपल्या ग्रुपवर कोणत्या कंपनीची बोली लागली, कोणाचा शेअर वर गेला, याचे हिरवे बाण रोज येतात आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या बाणाच्या दुसऱ्या टोकाला एखादं सिडनी असू शकतं. ते नेब्रास्कातच असेल असं नाही. आता आपण नुसते गिऱ्हाईक नाही, बारीकसे का होईना मालक आहोत. मालक म्हणून आपण एकच प्रश्न विचारतो: किती टक्के?

माझं म्हणणं एवढंच. एका कंपनीवर अख्खं गाव उभं असेल तर ती विकताना गावाला आधी कळलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, आणि विक्रीतून जो जादा पैसा सुटतो त्यातला वाटा गाव सावरायला कायद्याने बाजूला काढला पाहिजे. हा समाजवाद नाही. भाडेकरूला काढायचं तर त्याला सवड देतात, इथे तर गाव आहे. सिडनीतल्या काही जुन्या कर्मचाऱ्यांनी पुढे तिथेच स्वतःचे छोटे धंदे काढले. त्यांच्या हिमतीला सलाम. पण त्यांच्या हिमतीवर दुसऱ्याच्या सौद्याचा खर्च टाकायचा, हे बरोबर नाही.

आणि ते होईपर्यंत आपल्या हातातलं एक करा. ज्या दुकानदाराने तुम्हाला शिकवलं, त्याच्याकडूनच घ्या. पंधरा डॉलर जास्त गेले तर ती फी समजा.

पटलं नसेल तर खाली भांडा. फक्त "सिंपल" लिहू नका.