रायफलीचे अभ्यंगस्नान

दिवाळीच्या अंकात बंदुकीचे नाव पाहून गृहिणींनी घाईने पान उलटू नये. विषय तेलाचा आणि ऊन पाण्याचाच आहे.

गेल्या साली अमेरिकेत, ओहायो राज्यात भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांपाशी एम-वन गॅरंड रायफल होती. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातील जॉन गॅरंड यांनी ती रचली, 1936 साली अमेरिकन सैन्याने स्वीकारली आणि पुढे अशा 50 लाखांहून अधिक तयार झाल्या. सैन्यातून निघालेल्या यांतील कित्येक तिकडे नागरिकांच्या घरी आहेत. आपल्याकडे सामान्य माणसाला असले हत्यार सहसा बाळगता येत नाही. तिथे ती नेमबाजीची हौस. चाप ओढला की गोळी सुटते आणि तिच्यामागचा थोडा वायू नळीच्या तोंडाजवळच्या भोकातून निघून एक दांडा मागे रेटतो. रिकामे टरफल बाहेर, नवे काडतूस आत. पुढच्या गोळीसाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो.

"मामा, रायफल मीच साफ केली बरं का!" मैदानावर भाचा ऐटीत म्हणाला. लाकडी दस्ता आरशासारखा चकाकत होता. तिसऱ्या गोळीनंतर रायफल अडली. बोल्ट अर्धवट मिटलेला, आत जिवंत काडतूस. काय झाले ते पाहायला भाच्याने नळी स्वतःकडे वळवली मात्र, म्हातारबुवा गरजले, "तोंड समोर!"

त्यांनी रायफल हातात घेतली, समोरच्या मातीच्या बांधाकडे रोखूनच काडतूस काढले, मग चेंबरात बोट घालून खात्री केली. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझा कसा होता ते कोणी पाहिले नाही.

घरी त्यांनी रायफल उघडली. बोल्टच्या खोबणीत जुने ग्रीस वाळून डिंक झाले होते. वरून रेशमी फडके, आत कोरडेठाक! ते काढून त्यांनी नवे ग्रीस लावले. इथे नुसते पातळ तेल टिकत नाही, म्हणाले. नळी तोंडाकडून साफ करावी लागते, म्हणून गज कडेला घासू नये. कडा झिजली की नेम गेला. दुसऱ्या महायुद्धातील बऱ्याच काडतुसांच्या टोप्यांतून उडालेला क्षार नळीत बसतो आणि हवेतले पाणी ओढून गंज चढवतो. तो तेलाने विरघळत नाही. आधी ऊन पाणी, मग कोरडे फडके, मग तेल. आपल्या अभ्यंगाचा उलटा क्रम!

"यंत्र चांगले असले की माणूस आळशी होतो," ते म्हणाले आणि व्हिएटनामची गोष्ट निघाली. तिथे गेलेल्या नव्या एम-सोळा रायफलीला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला. सफाईचे साहित्य अपुरे, काडतुसातली दारू बदललेली, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही. टरफले अडकू लागली आणि ऐन चकमकीत जवान प्राणांना मुकले. 1967 साली अमेरिकन संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. पुढे चेंबरला मुलामा आला आणि 1968 साली विल आयस्नर यांच्या चित्रांची सफाईची पुस्तिकाही निघाली. शहाणपण आले, पण किती जिवांच्या मोलाने!

यंदा खंडेनवमीला घरच्या शिवणयंत्राला हळदकुंकू वाहण्याआधी मी त्याची खालची झडप उघडली. आत काय निघाले ते सांगत नाही. सौभाग्यवती हा अंक वाचतात.