दूरस्थ औषधविक्री : मागणी, करार आणि वैद्य

औषधाची मागणी भ्रमणध्वनीवरून यावी आणि औषध टपालाने वा कुरिअरने जावे, ही गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीतील वैद्यबंधूंना आता नवीन राहिलेली नाही. मूल वा आरमोरीच्या चिकित्सालयात सिद्ध झालेले तेल पुण्या-मुंबईस जाते, तिकडची चूर्णे आणि वटी इकडच्या जंगलपट्ट्यातील गावांत येतात. परंतु प्रत्येक वेळी आपण एक कायदेशीर करार करीत असतो, याचे भान आम्हांस व्यवसायात पुरेसे दिसत नाही. ‘निरोप आला, पैसे आले, औषध पाठविले, यात करार कसला?’ असा प्रश्न सहज विचारला जातो.

करार असतोच. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यास बहुतेक व्यवहारांत कागद लागत नाही. प्रस्ताव, त्याची स्वीकृती आणि मोबदला एवढे पुरते. वेबसाइटवर मांडलेले औषध हे सामान्यतः प्रस्तावाचे निमंत्रण होय. ग्राहकाची मागणी हा प्रस्ताव, आणि ‘पैसे मिळाले, औषध पाठवितो’ हा आपला निरोप ही स्वीकृती. त्या क्षणी उभय पक्ष बांधले जातात. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १०-अ सांगते की, करार इलेक्ट्रॉनिक साधनाने झाला एवढ्याच कारणाने तो अंमलबजावणीस अपात्र ठरत नाही.

तारेवरच्या शब्दाने झालेल्या कराराचा देशातील गाजलेला वाद आपल्या विदर्भातलाच आहे. १९५९ मध्ये अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या केडिया गिरणीकडे दूरध्वनीवरून सरकी पेंडीची मागणी नोंदविली. माल आला नाही, आणि दावा कोठे चालावा यावरच तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६५ मध्ये बहुमताने असे ठरले की, स्वीकृतीचे शब्द जेथे ऐकू आले त्या अहमदाबादेस करार पूर्ण झाला. नागपूरच्या वकिलीतून पुढे आलेले न्या. हिदायतुल्ला यांचे मत भिन्न होते. शब्द उच्चारले गेले त्या खामगावी करार झाला, असे त्यांनी मानले.

सामान्य ग्राहकापुरता हा तंटा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मिटविला आहे. ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगात त्यास तक्रार करता येते. सिरोंच्याचा माणूस मुंबईच्या विक्रेत्याविरुद्ध गडचिरोलीस दाद मागू शकतो. गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटरवर, हे खरे, पण तक्रार ‘ई-जागृती’वरूनही दाखल होते. आरमोरीच्या वैद्यास मात्र याच न्यायाने पुण्यास उत्तर द्यावे लागेल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० व्यक्तीच्या खासगी, प्रासंगिक विक्रीस लागू नाहीत. नियमितपणे केलेल्या व्यावसायिक विक्रीस आहेत. विक्रेत्याचे नाव-पत्ता, पाठवणीच्या खर्चासह एकूण किंमत, औषधाची मुदत, परतीच्या आणि परताव्याच्या अटी या गोष्टी खरेदीपूर्वी सांगावयाच्या असतात. डब्यात चिठ्ठी घालून काम भागत नाही, कारण तोवर करार होऊन गेलेला असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असे बंधन आहे. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे निषिद्ध आहे. स्वतःच ग्राहक बनून आपल्या औषधाची स्तुती लिहिणे तर नियमांनी नावानिशी वर्ज्य केले आहे, आणि ते वैद्यास शोभणारेही नाही.

आम्हांस खरी चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास परवान्याच्या बंधनातून मोकळीक देतो. ही मोकळीक रुग्णापुरती आहे, ग्राहकापुरती नाही. ज्याची नाडी पाहिली नाही, प्रकृती विचारली नाही, अशा अनोळखी माणसाची मागणी स्वीकारताच तो करारातील दुसरा पक्ष होतो. आपला रुग्ण होत नाही. २०२० पासून आयुर्वेदासाठीही दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, तेव्हा दुरूनही कोणी रुग्ण होऊ शकतो, हे आम्ही मान्य करतो. पण त्यासाठी विचारपूस, निदान आणि नोंद हवी. पैसे भरल्याची पावती म्हणजे केसपेपर नव्हे.

बिब्ब्याचेच पाहा. आपल्या जंगलात तो मुबलक आहे आणि तो उतला म्हणजे काय होते हे येथील शेंबड्या पोरासही ठाऊक असते. महानगरातील खरेदीदारास ते ठाऊक असेलच असे नाही. भल्लातक, वत्सनाभ, कुचला ही द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आहेत. अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना आवश्यक असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये ई-कॉमर्स मंचांना सूचना दिली की, नोंदणीकृत वैद्याचे औषधपत्र ग्राहकाने जोडल्याशिवाय अशी औषधे विकू नयेत. ती मंचांस उद्देशून असली, तरी स्वतः विकणाऱ्या वैद्याने याहून सैल वागावे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. बहुतेक विक्रेत्यांच्या अटी इंग्रजीत असतात, आणि एटापल्ली वा भामरागडच्या माडिया कुटुंबास मराठी अटीदेखील कोणीतरी वाचून दाखवाव्या लागतात. तेथे बटण दाबले गेले म्हणजे संमती मिळाली, असे कायद्याच्या अक्षराने म्हणता येईल. वैद्याने म्हणू नये. स्वीकृतीचा निरोप आपल्या हाती असतो. तो धाडण्यापूर्वी एक दूरध्वनी करून वय, चालू औषधे आणि स्त्रीरुग्ण असल्यास गर्भावस्था विचारावी, मात्रा आणि पथ्य समजावून सांगावे, आणि औषध योग्य न वाटल्यास मागणी नाकारून पैसे परत करावेत. स्वीकृतीपूर्वी नाकारण्यास कायद्याची हरकत नाही. आपल्या संघटनेने अशा मागणीपत्राचा एक पानी मराठी नमुना वकिलाकडून तपासून घ्यावा, त्याचे गोंडी आणि माडिया बोलीत तोंडी निवेदन ध्वनिमुद्रित करावे, आणि पुढील वार्षिक सभेत तो सभासदांपुढे ठेवावा, अशी आमची सूचना आहे.