किलोवॅट गच्चीवर, युनिट कुठे?

प्रतिनिधी

वीजबिलाचा भार हलका करण्यासाठी गच्चीवर सौर पॅनेल बसविण्याची कल्पना शहरी मध्यमवर्गात आता रुजली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने तिला बळ दिले. वैयक्तिक घरासाठी कमाल ७८ हजार रुपये, तर गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रतिकिलोवॅट १८ हजार रुपये असे अनुदान या योजनेत ठरविण्यात आले. अनुदान मिळते ते किलोवॅटवर, म्हणजेच यंत्रणेच्या क्षमतेवर. बिलातील बचत मात्र प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटवर ठरते. या दोहोंमधील दुवा म्हणजे पॅनेलची जोडणी. ग्राहकाचे दुर्लक्ष होते ते नेमके तिकडेच.

आपल्याकडे दक्षिणेकडे तोंड केलेली पॅनेल वर्षभरात सर्वाधिक वीज देतात. परंतु शहरातील गच्ची क्वचितच मोकळी असते. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली यांतून उरलेल्या जागेत काही पॅनेल पूर्वेकडे, तर काही पश्चिमेकडे तोंड करून बसवावी लागतात. यात गैर काही नाही. पूर्वेकडील पॅनेल सकाळी आणि पश्चिमेकडील दुपारनंतर अधिक वीज देतात. प्रश्न उद्भवतो तो ही सर्व पॅनेल एकाच एकसर जोडणीत ओवली जातात तेव्हा.

एकसर जोडणीत सर्व पॅनेलमधून सारखाच प्रवाह वाहतो. समजा, सकाळी पूर्वेकडील पाच पॅनेल ८ अँपिअर, तर पश्चिमेकडील पाच केवळ ३ अँपिअर प्रवाह देऊ शकतात. अशा वेळी दहाही पॅनेल ३ अँपिअरवर चालविणे किंवा पश्चिमेकडील पाच वगळून उरलेल्या पाचांकडून ८ अँपिअर घेणे, एवढेच दोन पर्याय इन्व्हर्टरपुढे उरतात. प्रत्येक पॅनेलचे व्होल्टेज सारखे धरल्यास पहिल्या पर्यायात ३० भाग, तर दुसऱ्यात ४० भाग वीज मिळेल. दोन्ही गट स्वतंत्र असते, तर ती ५५ भाग मिळाली असती. म्हणजे त्या वेळेपुरती एक चतुर्थांशाहून अधिक वीज वाया जाते.

यावरील उपाय अवघड नाही. एका दिशेची पॅनेल एका मालिकेत घ्यावीत आणि प्रत्येक मालिका इन्व्हर्टरच्या स्वतंत्र ‘एमपीपीटी’ प्रवेशाला जोडावी. हा भाग त्या मालिकेतून जास्तीत जास्त वीज खेचून घेतो. असा एकच प्रवेश असल्यास समान संख्येच्या दोन मालिका समांतर जोडता येतात. प्रकाश घटल्यास प्रवाह बराच, पण व्होल्टेज थोडेच कमी होत असल्याने यात फारसे नुकसान होत नाही. टाकीची सावली पडत असेल, तर प्रत्येक पॅनेलला मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावता येतो. त्याचा खर्च मात्र वाढतो.

चुकीच्या जोडणीतही बिल कमी होतेच, त्यामुळे तूट ध्यानात येत नाही. म्हणूनच निविदांची तुलना करताना केवळ प्रतिकिलोवॅट दर पाहणे पुरेसे नाही. जोडणीचा आराखडा, ‘एमपीपीटी’ प्रवेशांची संख्या आणि वर्षाला अपेक्षित युनिट या तीन गोष्टी संस्थांनी ठेकेदाराकडून लेखी घ्यायला हव्यात. सार्वजनिक पैशातून अनुदान देणाऱ्या शासनानेही क्षमतेबरोबर निर्मितीचा हिशेब मागितला, तर ते उचितच ठरेल.