मांजर आवडतं, पण मांजराचं वावडं आहे



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण सगळेच घेतो. मीही मागच्या वर्षी चौथीला घेतला. बैल, शेळी, कुत्रा, मांजर असे नेहमीचे प्राणी वहीत आले. मांजरावरचे निबंध तर ठरलेलेच असतात. मांजराला चार पाय असतात, मांजर उंदीर पकडते, तिला वाघाची मावशी म्हणतात. एका मुलीने मात्र शेवटी एक वाक्य जास्तीचं लिहिलं होतं, "मनी जवळ आली की मला खूप शिंका येतात आणि रात्री दम लागतो." मी त्या वाक्यावर लाल पेनाने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'विषय सोडून लिहू नये.'

खरं सांगायचं तर मला स्वतःलाच मांजराची अ‍ॅलर्जी आहे. त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांत आधी मला कळायला पाहिजे होता.

लग्न होऊन मी अंतरवाली सराटीत आले तेव्हापासून घरात मांजर आहेच. आपल्याकडं ते हौसेसाठी कमी आणि गरजेसाठी जास्त असतं. घरात बाजरी-ज्वारीची पोती, दिवाळीनंतर एका खोलीत कापूस भरलेला. मांजर नसेल तर उंदरांचंच राज्य. मला सकाळी उठल्यापासून शिंका यायच्या, डोळे खाजायचे. सगळे म्हणायचे, "इथली हवा मानवली नाही." पण माहेरी गेले की दोन-चार दिवसांत नाक मोकळं व्हायचं आणि परत आले की पहिल्याच रात्री चोंदायचं. शेवटी दवाखान्यात हातावर टोचून तपासणी केली, तेव्हा दोन गोष्टी निघाल्या, मांजर आणि घरातली धूळ.

आपल्या भाषेत यासाठी 'वावडं' हा छान शब्द आहे. एखाद्याला वांगं चालत नाही, तसं एखाद्याला मांजर चालत नाही. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये आणला. निरुपद्रवी गोष्टीला शरीर शत्रू समजतं आणि तिच्याशी लढायला उठतं, एवढाच अर्थ. यात मांजराचा गुन्हा नाही आणि लेकराचा नाजूकपणाही नाही.

बहुतेकांना वाटतं की त्रास केसांचा होतो. खरा त्रास मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलकट ग्रंथींत असणाऱ्या एका प्रथिनाचा आहे. शास्त्रज्ञ त्याला 'फेल डी १' म्हणतात. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे अगदी बारीक कण हवेत उडतात. ते तासन्तास तरंगतात, गोधडीला, भिंतीला, कपड्यांना चिकटतात. म्हणून "आमच्या मांजराचे केस गळत नाहीत" म्हणून भागत नाही.

हे कण शाळेतही येतात. मांजर पाळणाऱ्या मुलांच्या कपड्यांवरून ते वर्गात पोचतात. स्वीडनमधल्या शाळांचा याबद्दलचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजराची अ‍ॅलर्जी आणि दमा असलेली, पण घरी मांजर नसलेली मुलं त्यात होती. ज्यांच्या वर्गात मांजर पाळणारी मुलं जास्त होती, त्यांचा दमा सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर वाढलेला दिसला. म्हणजे "आमच्याकडं तर मांजरच नाही" एवढ्यावर पालकांनी निर्धास्त राहू नये.

आता त्या मुलीकडं येते. महिनाभराने पालक सभेत तिचे वडील भेटले. म्हणाले, "मॅडम, पोरीला बारा महिने सर्दीच असती. आता ते मांजरच पोत्यात घालतो आन् शहागडच्या पुलापलीकडं सोडून येतो." मुलगी शेजारीच उभी होती. एक शब्द बोलली नाही, नुसती रडायला लागली. मी घरी येऊन तिची वही पुन्हा काढली आणि खोडलेलं वाक्य वाचलं.

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आपल्याकडं म्हणतात. म्हणून मारत कुणी नाही, पोत्यात घालून गोदावरीपलीकडं सोडतात. पण घरात वाढलेलं मांजर अनोळखी ठिकाणी भुकेने, कुत्र्यांच्या तोंडी किंवा हायवेवर मरतं. हात आपले स्वच्छ राहतात, एवढंच. आणि उपाशी-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर विनाकारण सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६० च्या कायद्यात गुन्हा आहे. बरं, एवढं करून लेकराला लगेच बरं वाटतं असंही नाही. मांजर गेलं तरी घरातले कण पुरेसे कमी व्हायला चार ते सहा महिने लागतात. तोपर्यंत मुलगी शिंकतच राहणार, वर मैत्रीणही गमावणार. पुढच्या वेळी त्रास झाला तर ती घरी सांगेल का? मला तरी वाटत नाही.

म्हणून माझं मत असं, की आधी लेकराला दवाखान्यात न्या, मांजराचं काय ते नंतर ठरवा. कारण प्रत्येक शिंक मांजराचीच असते असं नाही. गोधडीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, चुलीचा धूर, घरातला कापूस, बांधावरचं गाजरगवत, काहीही असू शकतं.

मी स्वतः मांजरासोबत कशी राहते तेही सांगते. निजायच्या खोलीत मांजराला येऊ द्यायचं नाही, हा पहिला नियम. आत्याबाईंना तो आधी पटला नाही, पण आता त्याच दार लावून घेतात. गोधड्या, चादरी गरम पाण्यात धुते. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसते. मांजराला हात लावला की साबणाने हात धुते, तोवर डोळे चोळत नाही. डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा नेमाने घेते. एवढं करून त्रास कमी झाला, पूर्ण गेला नाही.

पण माझ्यासारखं प्रत्येकाला जमेलच असं नाही. नाक गळणं वेगळं आणि दमा वेगळा. छातीत घरघर, रात्रीचा खोकला, पळताना दम लागणं ही दम्याची लक्षणं असू शकतात. बोलताना धाप लागत असेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठा. मांजर घरात नकोच असं डॉक्टरांनी सांगितलं, तर ते ऐका. फक्त त्याला दुसरं घर शोधून द्या.

त्या मुलीला दमाच निघाला. इनहेलर सुरू करायचं म्हटल्यावर आजी म्हणाल्या, "त्याची सवय लागती." हा गैरसमज गावोगाव आहे. इनहेलरचं व्यसन लागत नाही. उलट त्यातलं औषध थेट फुप्फुसात जात असल्याने अगदी थोडं पुरतं. दम्याच्या त्याच औषधाची गोळी मिलीग्रॅममध्ये असते, फवारा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजाराव्या भागात. मांजर आता चुलत्यांच्या आखाड्यावर आहे. तिथं दाणे आहेत, उंदीर आहेत, तिचं बरं चाललंय. मुलगी रविवारी तिला उघड्यावर भेटते, घरी आल्यावर हात धुते, कपडे बदलते.

शिक्षकांना एवढंच सांगेन. वर्षभर नाक ओढणाऱ्या, रात्री झोप न झाल्याने वर्गात पेंगणाऱ्या लेकराला 'आळशी' म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्यांच्या यादीत दम्यासारखा श्वासाचा आजारही आहे. त्या दिवशी अशा मुलाचं नाव आपणहून पुढं करा. कुणाचं इनहेलर कुठं ठेवलंय हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. लपवण्यासारखं त्यात काही नाही. फळा पुसताना त्या मुलाला पुढच्या बाकावरून उठवा.

या वर्षी 'माझा आवडता प्राणी' निबंध घेताना मी फळ्यावर नेहमीचे मुद्दे लिहिले आणि खाली एक जास्तीचा मुद्दा घातला, 'या प्राण्यामुळे तुम्हाला काही त्रास होतो का?' तीन वह्यांत उत्तरं आली. तिन्ही घरी मी जाऊन आले. लाल पेन यावेळी वापरला नाही.