बोली देशाची, मुभा राज्यापुरती

'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला असला, तरी बोली लावून विकणे आपल्या बाजारपेठांना परके नाही. बाजार समितीच्या आवारात कांद्याची बोली लागते तेव्हा बोली बोलणारे समोर उभे असतात. ऑनलाईन लिलावात मात्र कोल्हापूरच्या कारागिराने मांडलेल्या चपलांना सर्वोच्च बोली इचलकरंजीहून येणार की इंदूरहून, हे मुदत संपेपर्यंत त्यालाही ठाऊक नसते. लिलावाचे हे मूळ लक्षणच आपल्या करकायद्याने ध्यानात घेतलेले नाही आणि त्याचा भुर्दंड सर्वांत लहान विक्रेत्यावर पडतो आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि बहुतेक वस्तूंपुरते व्हॅट व केंद्रीय विक्रीकर यांचे जुने जंजाळ संपले. त्या सुधारणेचे स्वागतच करावयास हवे. परंतु त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमाने ऑनलाईन मंचावरून विक्री करणाऱ्यास, त्याची उलाढाल कितीही अल्प असो, नोंदणी सक्तीची केली. पुढे महाराष्ट्रात पेठेतील दुकानदाराला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट मिळाली. संगणकावरून विकणाऱ्याला मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणी आणि विवरणपत्रे! सेवा पुरविणाऱ्यांची या सक्तीतून नोव्हेंबर २०१७ मध्येच बहुतांशी सुटका झाली. हाताने वस्तू घडविणारा मात्र मागेच राहिला. हा पंक्तिप्रपंच तब्बल सहा वर्षे चालला.

१ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तुविक्रेत्यांनाही सूट मिळाली, पण ती सशर्त. विक्रेत्याने पॅन देऊन पोर्टलवर नावनोंदणी करावी, एकाच राज्यातून व्यवहार करावा आणि परराज्यात माल विकू नये. इतकेच नव्हे, तर अशा विक्रेत्याची आंतरराज्य विक्री होऊ न देण्याचे बंधन मंचावरच घातले आहे. ठरावीक किमतीच्या विक्रीत ही अट एक वेळ सोसता येईल. लिलावात ती मुळावर येते. लिलावात भाव ठरतो तो बोली लावणाऱ्यांच्या चढाओढीतून. इंदूर, हैदराबाद, सुरत येथील हौशी ग्राहक वगळा. चढाओढ मंदावते आणि वस्तू पडेल भावात जाते. म्हणजे कर वाचविण्यासाठी कारागिराने किंमत गमवावी, किंवा किमतीसाठी वर्षभर कागदपत्रांत गुंतावे. बेळगावचा ग्राहक कोल्हापुरात येऊन तीच चप्पल पायात घालून गेला, तर मात्र कोणाची हरकत नाही!

आंतरराज्य विक्रीवरील कर ग्राहकाच्या राज्याला मिळावयाचा असतो, म्हणून नोंदणी हवी, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु या प्रश्नाशी इतरांनीही झुंज दिली आहे. अमेरिकेत विक्रेत्याने कर लावला नाही तर ग्राहकानेच तो स्वतःहून भरावा, असा दंडक होता. फारच थोडे लोक तो पाळत. २१ जून २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'साऊथ डकोटा विरुद्ध वेफेअर' या खटल्यात राज्याबाहेरील विक्रेत्यांकडून करवसुलीची वाट मोकळी केली. तरीही त्या राज्याच्या कायद्याने वर्षाला एक लाख डॉलरहून कमी विक्री आणि दोनशेहून कमी व्यवहार असणाऱ्यांना वगळले होते. पुढे राज्याराज्यांनी वसुलीची जबाबदारी मंचांवर टाकली. ज्या देशात राज्यागणिक विक्रीकराचे कायदे वेगळे, तेथे जे साधले, ते समान करव्यवस्था असलेल्या भारतात अशक्य का ठरावे? आपल्याकडेही नोंदणीकृत विक्रेत्यांच्या करपात्र विक्रीवर मंच कर गोळा करतो. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर अर्धा टक्का आहे. नावनोंदणी केलेल्या लहान विक्रेत्यांचे व्यवहारही तो सरकारला कळवितो. माहिती दडण्याची भीती मग उरते कोठे?

अर्थात सवलतीच्या आडून होणाऱ्या लबाडीचे समर्थन करता येणार नाही. घरातला जुना कॅमेरा विकणे हा व्यापार नव्हे. जुने दागिने सराफाला विकणाऱ्या गृहिणीवर कर पडणार, असा गोंधळ जुलै २०१७ मध्ये उडाला होता. तोही अर्थमंत्रालयाने तेव्हाच दूर केला. पण दर आठवड्याला जुन्या वस्तू विकत घेऊन 'घरगुती' म्हणून लिलावात मांडणारा हा व्यापारीच होय. त्याला खरेदी-विक्रीतील फरकावरच कर भरण्याची सोय नियमांनी दिली आहे. ती असताना कर चुकविणे क्षम्य नाही. ग्राहकानेही बोली लावण्यापूर्वी लिलावगृहाचे अधिमूल्य आणि त्यावरील कर हिशेबात धरावा, बिल मागून घ्यावे.

३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने अनेक राज्यांत ऑनलाईन विक्री करणाऱ्या लहान पुरवठादारांसाठी सुलभ नोंदणीची कल्पना तत्त्वतः मान्य केली. त्याने प्रत्येक राज्यात व्यवसायाचा पत्ता दाखविण्याची कटकट हलकी होईल. नोंदणीची सक्ती मात्र तशीच राहील. लिलावातून विकणाऱ्यांसाठी परिषदेने पुढचे पाऊल टाकावे, आणि ४० लाखांची मर्यादा ग्राहक कोणत्या राज्यातला हे न पाहता लागू करावी.