चुकणाऱ्या घड्याळाची अचूक वेळ

अचूक घड्याळ कोणते, असे विचारले तर तुम्ही म्हणाल, 'जे कधीच चुकत नाही ते.' माझे मत थोडे निराळे आहे. आपण किती चुकतो हे ज्याला ठाऊक आहे, तेच घड्याळ अचूक. संगणकाचे उदाहरण घेऊ.

संगणकात क्वार्ट्झचा एक लहानसा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. 2 चा 15 वा घात म्हणजे हीच संख्या. ती पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला एक ठोका मिळतो. संगणक बंद असतानाही हे घड्याळ बॅटरीवर चालते. संगणक सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्यावरून वेळ घेतो आणि पुढे अधिक वेगवान स्पंद मोजून स्वतःच हिशेब ठेवतो.

परंतु कोणताच स्फटिक ठरल्या गतीने तंतोतंत कंप पावत नाही. तापमान बदलले की त्याची गतीही किंचित बदलते. दहा लाख सेकंदांत 20 सेकंदांची चूक क्षुल्लक वाटेल. पण दिवसाचे 86,400 सेकंद धरून गणित करा. दिवसाला सुमारे 1.7 सेकंद, तर महिन्याला जवळजवळ 52 सेकंद!

यावर उपाय काय? डेव्हिड मिल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल' ही पद्धत विकसित केली. तिच्या साहाय्याने संगणक अणुघड्याळांशी जुळवलेल्या दूरच्या संगणकाला पुनःपुन्हा वेळ विचारतो. प्रश्नोत्तरांच्या प्रवासाला लागलेला वेळही हिशेबात धरतो. त्यावरून आपला स्फटिक किती मंद वा जलद आहे हे कळते. मग कर्नेल प्रत्येक स्पंदाची किंमत किंचित कमी-जास्त धरतो. घड्याळ 0.1 सेकंद पुढे गेले असले तरी तो ते एकदम मागे ओढत नाही. तसे केले तर नंतरच्या घटनेवर आधीची वेळ पडेल. सेकंदामागे फार तर 500 मायक्रोसेकंद कमी करायचे ठरवले, तर ही चूक 200 सेकंदांत गुपचूप भरून निघते. स्फटिक सदोषच राहतो, वेळ मात्र बरोबर होते.

आता आपल्या प्रयोगशाळांकडे पाहा. साध्या दोलकावरून गुरुत्वत्वरण काढताना 9.8 आले नाही, की खोडरबर बाहेर निघते आणि वाचने 'दुरुस्त' होतात. दोष मुलांपेक्षा केवळ उत्तराला गुण देणाऱ्या पद्धतीचा अधिक आहे. कर्नेलने असे केले असते, तर आपला स्फटिक किती चुकतो हे त्याला कधीच कळले नसते.

चूक न मोजण्याची किंमत मोठी असू शकते. आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा होती. तिचा संगणक सेकंदाचे दशांश मोजत असे. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. शेपूट तोडावे लागते. सुमारे 100 तास अखंड चालल्यावर ही चूक साचून 0.34 सेकंद झाली. 25 फेब्रुवारी 1991 रोजी इराकी स्कड क्षेपणास्त्र येत असताना यंत्रणेने ते भलत्याच जागी शोधले, आणि 28 सैनिक प्राणास मुकले. 'यंत्रणा फार वेळ चालू ठेवल्यास अडचण येते,' अशी सूचना काही दिवस आधी दिली गेली होती. फार वेळ म्हणजे किती तास, हे मात्र त्यात नव्हते!

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे: प्रयोगवहीत उत्तराइतकेच गुण चुकीच्या मोजमापालाही द्या. आणि विद्यार्थ्यांनो, घरातील भिंतीवरचे घड्याळ दहा दिवस ठरावीक वेळी मोबाइलवरील नेटवर्कच्या वेळेशी ताडून पाहा. मधे काटे फिरवू नका. फरकाचा आलेख काढा. त्याचा चढ म्हणजे तुमच्या घड्याळाची रोजची चूक. ती कळली, की अकराव्या दिवशी काट्यांना हात न लावता तुम्ही बरोबर वेळ सांगू शकाल.