रिपोर्ट नॉर्मल, पेढे वाटा!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला तिसरा मजला चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं. नेहमीप्रमाणे तिने कुणाला सांगितलंच नाही. मग एक दिवस भाजीची पिशवी मांडीवर घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या दारातल्या पायरीवर बसलेली दिसली, आणि बाबांनी तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक. ट्रेडमिलवर चालवलं तर टेस्ट पॉझिटिव्ह. म्हणून अँजिओग्राफी. आम्ही बाहेर बाकावर बसलोय, मी मनातल्या मनात मेडिक्लेमची लिमिट आठवतोय. अर्ध्या-पाऊण तासाने डॉक्टर हसत बाहेर आले. "सगळ्या नळ्या स्वच्छ! काकूंना काहीही झालेलं नाही. पेढे वाटा."

आम्ही खरंच वाटले हो. अख्ख्या सोसायटीत.

आणि पंधरा दिवसांनी आई पुन्हा त्याच पायरीवर बसलेली होती.

यानंतर जे सुरू झालं ते तुमच्यापैकी अनेकांनी आपापल्या घरी पाहिलं असेल. आधी "गॅसेस असतील", मग "वयाचं आहे, पाळी गेली की होतं असं", आणि शेवटी तो सगळ्या आजारांचा राजा, "टेन्शन". पित्ताच्या गोळ्या झाल्या, झोपेच्या झाल्या, मावशीने सुचवलेलं ध्यान शिबिरही झालं. दुखणं तिथेच. पण आता घरात सगळ्यांच्या तोंडी एक नवीन वाक्य बसलं होतं: "अगं, पण तुझा रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" बाबा म्हणायचे. काका म्हणायचे. आणि कबूल करायला लाज वाटते, पण मीसुद्धा म्हणायचो. हळूहळू आईने सांगणंच बंद केलं. आम्हाला वाटलं, चला, बरी झाली.

आता जरा आपल्या धंद्याकडे या. टेस्टर बग टाकतो. डेव्हलपर आपल्या मशीनवर एकदा चालवून बघतो, काही दिसत नाही, आणि शेरा मारतो: 'नॉट रिप्रोड्युसिबल, क्लोज्ड.' तिकडे युजर बोंबलतोय, इकडे डॅशबोर्ड हिरवागार. अशा डेव्हलपरला आपण कॅन्टीनमध्ये काय काय नावं ठेवतो! पण तेच एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या लेटरहेडवर छापून आलं की आपण हात जोडून पेढे वाटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: 'अँजिओग्राफी नॉर्मल' हे वाक्य अँजिओग्राफीबद्दल आहे. ते माणसाबद्दल नाही.

कसं ते सांगतो. अँजिओग्राफीत रक्तात डाय सोडतात आणि एक्स-रेने फोटो काढतात. या फोटोत साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड रक्तवाहिन्या दिसतात, म्हणजे हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणारे मोठे रस्ते आणि त्यांचे ठळक फाटे. त्याच्या खाली, हृदयाच्या स्नायूच्या आत, बारीक धमन्या आणि केशवाहिन्यांचं जे प्रचंड जाळं असतं, ते या फोटोत दिसतच नाही. आणि स्नायूच्या कुठल्या भागाला या क्षणी किती रक्त मिळणार, हे मुख्यतः तिथेच ठरतं. एक्सप्रेसवेचा उपग्रहातून फोटो काढायचा आणि त्यावरून सांगायचं की सदाशिव पेठेत ट्रॅफिक जाम नाही, त्यातला हा प्रकार.

ज्यांनी इंजिनिअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर (कसाबसा) काढलाय त्यांना हेगन-पॉइझ्युलचं समीकरण आठवत असेल. नळीतला रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की रोध दुप्पट-चौपट नव्हे, सोळापट. आपण हे पाठ केलं, परीक्षेत ओकलं आणि विसरलो. पण हा पॉइझ्युल मूळचा डॉक्टर होता, हे आपल्याला कुणी सांगितलं? बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं या कुतूहलापोटी त्याने १८४० च्या सुमारास काचेच्या केसासारख्या नळ्यांवर प्रयोग केले होते.

रक्त काही पाण्यासारखं सरळ वागत नाही, त्यामुळे सूत्र तिथे जसंच्या तसं लागू होत नाही हे खरं. नळी सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाली की रक्त चक्क पातळ असल्यासारखं वाहू लागतं, असं फॉरियस आणि लिंडक्विस्ट या स्वीडिश जोडीने १९३१ साली दाखवलं. आणि अगदी टोकाला तर गंमतच आहे. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, केशवाहिनी पाच ते दहा मायक्रॉनची. पेशी अंग चोरून, दुमडून, एकामागे एक अशा जातात. विरार लोकलच्या दारातून आत शिरतात तशा.

पण मूळ मुद्दा कायम राहतो. मोठ्या धमन्या म्हणजे पाइप, आणि बारीक धमन्या म्हणजे नळाच्या तोट्या. जिना चढताना हृदयाला आरामाच्या कितीतरी पट, अगदी तीन ते पाच पटही, रक्त लागू शकतं. तेव्हा या तोट्या उघडायला हव्यात. त्या उघडल्याच नाहीत, किंवा भलत्याच वेळी आवळल्या, तर पाइप आरशासारखा लख्ख असूनही नळाला पाणी नाही. आईला छातीत दाबल्यासारखं होणार नाही तर काय होईल?

तोट्या उघडतात कशाने, याची कथाही ऐकण्यासारखी आहे. रॉबर्ट फर्चगॉट हे अमेरिकन शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. एका औषधाने पट्टी आकुंचन पावायची. १९७८ साली त्यांच्या तंत्रज्ञाकडून प्रयोगाच्या क्रमात चूक झाली आणि त्याच औषधाने पट्टी सैल पडली. फर्चगॉट यांनी त्याला झापून विषय 'क्लोज' केला नाही. असं का झालं, हे शोधत बसले. निघालं असं की पट्ट्या कापताना आतलं नाजूक अस्तर घासून निघत होतं. अस्तर शाबूत असलं की तेच अस्तर स्नायूला 'सैल हो' असा निरोप देतं. १९८० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. निरोप्या निघाला नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधासुधा वायू, आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं. म्हणजे आपल्या रक्तवाहिन्या मुक्या नळ्या नाहीतच. धूम्रपान, साखर आणि वाढलेला रक्तदाब यांनी हे अस्तर बिघडतं. फोटोत नळी सुंदर दिसते, आणि निरोप मात्र पोचत नाही.

"पण हे सगळं नवीन असेल, बिचाऱ्या डॉक्टरांना कसं माहीत असणार?" नवीन? छातीत दुखतंय पण अँजिओग्राफी स्वच्छ, अशा पेशंटसाठी 'सिंड्रोम एक्स' हे नाव १९७३ साली वापरात आलं. एक्स! गणितात उत्तर माहीत नसलं की लिहितो तो एक्स. त्यात बायकांचं प्रमाण जास्त, म्हणून १९९६ साली अमेरिकेत सरकारी पैशाने खास स्त्रियांवर 'वाइज' नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यात मोठ्या धमन्यांत अडथळा नसलेल्या ज्या स्त्रियांच्या बारीक वाहिन्या तपासल्या, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांमध्ये दोष सापडला. अशा स्त्रियांना पुढे हृदयाचा गंभीर त्रास होण्याचा धोकाही जास्त असतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. 'टेन्शन'ने एवढं सगळं होतं का हो?

खरा संताप मला पुढच्या गोष्टीचा आहे. तोट्या तपासता येतात! अँजिओग्राफीच्याच मार्गाने केसासारखी एक वायर आत सरकवतात. तिच्या टोकाला दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर असतात. खोलीच्या तापमानाचं थोडं सलाइन सोडायचं आणि ते गार पाणी टोकापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग औषधाने तोट्या पूर्ण उघडायला लावून पुन्हा मोजायचं. प्रवाह किती पट वाढला, रोध किती उरला, आकड्यात उत्तर. आपल्या भाषेत लोड टेस्टिंग. जी आई लोड आल्यावरच कोसळते, तिचा आम्ही आडवं झोपवून एक स्क्रीनशॉट काढला आणि म्हणालो, सिस्टिम उत्तम आहे! कॅथेटर तर त्या दिवशी आत होतंच. आणखी थोडा वेळ लागला असता.

"वायर महाग असते." असते, मान्य. पण दोन वर्षांच्या पित्ताच्या गोळ्या, तीन एंडोस्कोप्या आणि ध्यान शिबिराची फी यांची बेरीज कुणी करायची?

"निदान होऊन फरक काय, गोळ्या त्याच ना?" हा प्रश्न मला एका डॉक्टर मित्रानेच विचारला. उत्तर स्कॉटलंडमध्ये २०१८ साली मिळालंय. 'कॉरमायका' नावाच्या चाचणीत अँजिओग्राफीत अडथळा न दिसलेल्या १५१ जणांच्या रक्तवाहिन्या अशा तपासल्या. अर्ध्यांच्या डॉक्टरांना निकाल सांगून त्यानुसार उपचार ठरवले, उरलेल्यांच्या डॉक्टरांना निकाल सांगितलाच नाही. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं दुखणं कमी होतं आणि जगणं जास्त सुसह्य होतं. नवीन औषध शोधलं नव्हतं. फक्त माहिती योग्य माणसाच्या हातात पोचली होती. युरोपच्या मार्गदर्शक तत्त्वांत २०१९ पासून या तपासण्यांना जागा आहे, आणि २०२४ च्या आवृत्तीत ती आणखी भक्कम झाली.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट लिहितो. मी स्टेंटच्या विरोधात नाही. हार्ट अटॅक आला की बंद धमनी तातडीने उघडणं जीव वाचवतं. पण 'ब्लॉक काढला की संपलं' ही प्लंबरची गोष्टही अर्धीच आहे. ब्रिटनमधल्या 'ऑर्बिटा-२' या २०२३ च्या चाचणीत ३०१ जणांपैकी निम्म्यांना खरा स्टेंट बसवला आणि निम्म्यांवर नुसतं तसं नाटक केलं. स्टेंटचा फायदा नक्की दिसला. तरीही स्टेंटवाल्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांचं दुखणं पूर्णपणे गेलं नाही. छातीत दुखण्याची कारणं मोठ्या पाइपात संपत नाहीत, हे यातूनही दिसतं.

आणि बारीक रक्तवाहिन्यांचं नाव घेऊन जे लोक घरोघरी 'रक्ताभिसरण वाढवणाऱ्या' चुंबकीय गाद्या विकतात, त्यांनी या लेखाची प्रिंट काढून फिरवू नये. रक्तात लोह आहे म्हणून ते चुंबकाकडे धावत नाही. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन चुंबकापासून उलट किंचित दूर ढकललं जातं, हे पॉलिंग आणि कोरियेल यांनी १९३६ साली मोजून दाखवलंय. तसं नसतं तर एमआरआय मशीनमधून कुणी जिवंत बाहेर आलं नसतं. पण एक सांगतो, या गादीवाल्यांना गिऱ्हाईक कोण मिळवून देतं? ज्यांचं दुखणं डॉक्टरांनी 'क्लोज' केलंय ती माणसंच शेवटी त्यांच्याकडे जातात. आमच्याकडेही गादी जवळजवळ आलीच होती.

जाता जाता विल्यम हार्वेची आठवण. रक्त शरीरात गोल फिरतं हे त्याने १६२८ साली मांडलं. धमन्यांतलं रक्त शिरांत कुठून जातं, ते त्याला दिसलं नव्हतं. पण हृदय किती रक्त ढकलतं याचा हिशोब करून तो ठाम राहिला की वाट असलीच पाहिजे. १६५७ साली तो गेला. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, माल्पिगीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. जे दिसत नव्हतं तेही असू शकतं, एवढा विश्वास हार्वेने आपल्या हिशोबावर ठेवला. आपण सगळी यंत्रं हाताशी असूनही म्हणतो, दिसत नाही म्हणजे नाही.

आईचं सांगायचं राहिलं. ओळखीतून आम्ही दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टकडे गेलो. त्या बाईंनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, "काकू, बसल्यावर दुखणं लगेच थांबतं की बराच वेळ राहतं? जिभेखालच्या गोळीने फरक पडतो का?" आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग ती वीस मिनिटं बोलत होती. दोन वर्षांचं साचलेलं. बाईंनी बारीक वाहिन्यांचं चित्र काढून दाखवलं, गोळ्या बदलल्या, रोज चालायला सांगितलं. आता आई एका थांब्यात तिसरा मजला गाठते. पूर्ण बरी नाही. पण बाहेर पडताना लिफ्टमध्ये ती मला म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते ना रे?"

या प्रश्नाचं उत्तर तिला दोन वर्षं आधी मिळायला हवं होतं, आणि ते डॉक्टरांइतकंच मीही द्यायला हवं होतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी कुणाचा 'नॉर्मल' रिपोर्ट आला आणि तरीही दुखत राहिलं, तर पेढे जरा थांबवा. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "मोठ्या नळ्या स्वच्छ आहेत हे कळलं. बारीक वाहिन्यांचं काय?" आणि रात्री घरी आल्यावर त्या माणसाजवळ बसून विचारा, नक्की कसं दुखतं. रिपोर्ट बाजूला ठेवून.